मोंताल्चिनोला जाताना: वाइनच्या डोंगरगावाची दोन दिवसांची नीट आखणी

इटलीतल्या तोस्कानामध्ये, सिएनाच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर, मोंताल्चिनो नावाचं छोटं गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६५ मीटरवर, टेकडीच्या माथ्यावर. खालच्या उतारांवर सांजोवेझे द्राक्षाचे मळे आणि त्यातून होणारी ब्रुनेल्लो ही रेड वाइन. गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला पंधरा मिनिटं पुरतात, त्यामुळे लोकांना वाटतं की इथे ठरवण्यासारखं काही नाही, गेलं की झालं. गडबड तिथेच होते. वायनऱ्या गावात नसून खाली मळ्यांत तीन ते पंधरा किलोमीटरवर आहेत, बस मोजक्या आहेत, दुपारी निम्मं गाव बंद असतं आणि गाडी चालवणाऱ्याला पिता येत नाही.

म्हणून इथला मुख्य नियम लक्षात ठेवा: जी वाइन निवांत प्यायची ती पायी असताना, आणि गाडी हातात असेल तेव्हा फक्त चाखायची, तीही थुंकून. खालची सगळी आखणी याच नियमावर उभी आहे. एक रात्र गावात मुक्काम धरला आहे. सकाळी फ्लोरेन्सहून निघून संध्याकाळी परत, हा बेत शक्य आहे, पण त्यात गाव, वायनरी आणि जवळचा सांतान्तिमोचा मठ यांपैकी एक तरी सुटतंच.

टप्पा १: आधी नावाची खात्री

ही पायरी हास्यास्पद वाटेल, पण बुकिंगच्या निम्म्या चुका इथल्या आहेत.

मोंताल्चिनो आणि मोंतेपुल्चानो ही दोन वेगळी गावं आहेत. दोन्ही डोंगरावर, दोन्ही रेड वाइनची, आणि रस्त्याने एकमेकांपासून साधारण ३५ ते ४० किलोमीटरवर. मोंतेपुल्चानोच्या वाइनचं नाव 'विनो नोबिले'. त्यात भर म्हणजे 'मोंतेपुल्चानो' नावाचं एक द्राक्षही आहे. ते मुख्यतः आब्रुत्सो प्रांतात पिकतं आणि या गावाशी त्याचा संबंध नाही. हॉटेल एका गावात आणि वायनरी दुसऱ्या गावाजवळ, असं झालं तर सकाळचा तास वळणांच्या रस्त्यावर जातो.

दुसरा सापळा रेल्वे स्टेशनचा. नकाशावर 'तोर्रेनिएरी–मोंताल्चिनो' असं स्टेशन दिसतं. ते गावापासून बरंच खाली, तोर्रेनिएरी वस्तीत आहे आणि त्या मार्गावर रोजची प्रवासी गाडी नाही; अधूनमधून पर्यटकांची हौशी गाडी धावते तेवढीच. तुमच्या कामाचं स्टेशन बुओनकोन्वेन्तो. ते सिएना–ग्रोस्सेतो मार्गावर आहे आणि तिथून वर जायला बस किंवा टॅक्सी लागते.

तपासा: हॉटेलच्या पत्त्यात पिनकोडापुढे 'मोंताल्चिनो' आहे का? असलं तरी नकाशावर बिंदू उघडून पाहा. मोंताल्चिनोची नगरपालिका हद्द मोठी आहे, त्यामुळे पत्ता मोंताल्चिनोचा आणि खोली गावापासून वीस किलोमीटरवर, असंही होतं. संध्याकाळी पायी हिंडायचं असेल तर जुन्या तटबंदीच्या आतली किंवा तटाला लागून असलेली खोली घ्या. मळ्यातली 'आग्रितुरिस्मो' घरं देखणी असतात, पण तिथून रात्री जेवायला गाडीनेच यावं लागतं, म्हणजे जेवणाबरोबरचा ग्लास गेला.

टप्पा २: तारीख

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंतचा काळ उत्तम. नाशिककडच्या वाचकांनी एक ध्यानात घ्यावं: आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये चालते, इथे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. तोडणी बघायला मिळेल म्हणून लोक याच आठवड्यांत येतात. पण तेव्हा छोट्या वायनरीतली सगळी माणसं मळ्यात असतात आणि पाहुण्यांना वेळ मिळणं अवघड जातं. तोडणीच पाहायची असेल तर मोठी वायनरी निवडा, तिथे पाहुण्यांसाठी वेगळी माणसं असतात.

टाळायचे दिवस:

१५ ऑगस्टच्या आसपासचा आठवडा. त्या दिवशी इटलीत सुट्टी असते आणि बऱ्याच वायनऱ्या बंद ठेवतात.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार-रविवार, जर जत्रेसाठीच जात नसाल तर. 'साग्रा देल तोर्दो' नावाचा उत्सव असतो, चार मोहल्ल्यांमध्ये तिरंदाजीची चुरस लागते. पाहण्यासारखा आहे, पण खोल्या महिनोन्‌महिने आधी जातात. त्याच सुमारास, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, घड्याळं तासभर मागे जातात आणि संध्याकाळ एकदम लवकर होते. दुपारी चारची वायनरी संपवून कच्च्या रस्त्याने परतताना अंधार पडतो.

जानेवारी-फेब्रुवारी. खाणावळवाले तेव्हा सुट्टीवर जातात.

रविवारी पोचायचं ठरवत असाल तर गाडी असली पाहिजे. बसचं कारण पुढे येईल.

इटलीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. मे महिन्याच्या सुट्टीसाठी मुंबईतल्या अपॉइंटमेंट लवकर भरतात. क्रम असा ठेवा: रद्द करता येणारं हॉटेल, व्हिसा, मग वायनरीचे पैसे. उलटं केलं आणि व्हिसा लांबला, तर आगाऊ भरलेले पैसे बहुतेक वेळा परत येत नाहीत.

टप्पा ३: वायनरीची वेळ ठरवणे

नाशिकला शनिवारी दुपारी सहज उठून वायनरीत जायचं, काउंटरवर टेस्टिंगचे पैसे भरायचे, ही सवय इथे कामाची नाही. बहुतेक वायनऱ्या कुटुंबाच्या आहेत, फाटकावर बेल असते आणि वेळ घेतली नसेल तर कोणी उघडत नाही. तीन ते सहा आठवडे आधी ई-मेल करा. मेलमध्ये या गोष्टी पहिल्याच वेळी लिहा, म्हणजे उलटसुलट विचारणा होत नाही:

१. तारीख, आणि वेळेचे दोन पर्याय. सकाळी दहा किंवा साडेदहा सगळ्यात चांगली. जीभ ताजी असते आणि दुपारचं ऊन टळतं.
२. माणसं किती, त्यात वाइन चाखणारे किती. गाडी चालवणाऱ्याचा उल्लेख करा.
३. भाषा इंग्रजी हवी.
४. शाकाहारी किती. टेस्टिंगबरोबर पुष्कळदा डुकराच्या मांसाचे काप येतात.
५. देशाच्या कोडसह मोबाइल नंबर.
६. टेस्टिंगमध्ये कोणत्या वाइन आहेत, शुल्क किती आणि बाटल्या घेतल्या तर ते वळतं होतं का.

साधारण एक ते दीड तास लागतो, तीन ते पाच वाइन देतात. शुल्क माणशी २५ ते ५० युरोंच्या दरम्यान धरून चाला. जुन्या वर्षांच्या बाटल्या उघडायच्या असतील तर त्याहून जास्त.

दिवसाला एक वायनरी पुरे, दोन म्हणजे कमाल. तिसरीत पोचेपर्यंत तुरटपणाने जीभ बधिर झालेली असते आणि प्रत्येक वाइन सारखीच लागते. दोन घ्यायच्याच असतील तर एक उत्तर बाजूची आणि एक दक्षिणेची, सांत-आंजेलो इन कोल्ले किंवा कास्तेलनुओवो देल्लाबाते या गावांकडची घ्या. उत्तरेचे उतार थंड, तिथली वाइन सडपातळ आणि आंबटसर. दक्षिणेकडे ऊन जास्त, वाइन भरदार. द्राक्ष एकच असूनही हा फरक जिभेला कळतो. एकाच बाजूच्या दोन वायनऱ्यांत तो सापडणार नाही.

तपासा: आदल्या दिवशी मेल किंवा फोन करून वेळ पक्की करा. फाटकाचं नेमकं ठिकाण मागून घ्या. नकाशाचं ॲप पुष्कळदा मळ्याच्या मागच्या ट्रॅक्टरच्या वाटेवर नेऊन सोडतं.

घरून निघण्याआधी एक छोटा अभ्यास करता येतो. अकलूजजवळच्या फ्रातेल्लीच्या 'सेत्ते' या वाइनमध्ये काबेर्ने सोविन्योंबरोबर सांजोवेझे असतं. ती ब्रुनेल्लोसारखी लागणार नाही, पण या द्राक्षाची जात आधी जिभेवर येऊन गेलेली बरी.

टप्पा ४: पोचायचं कसं

बसने

रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून लेओनार्दो एक्स्प्रेसने ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशन, तिथून क्युसीला गाडी बदलून सिएना. यात तीन-साडेतीन तास धरा. फ्लोरेन्सहून सिएना रेल्वेने दीड तासाच्या आसपास. सिएनाहून मोंताल्चिनोला आउतोलिनेए तोस्काने कंपनीची ११४ नंबरची बस बुओनकोन्वेन्तोमार्गे जाते, सव्वा तासाच्या आसपास घेते.

वेळापत्रक वाचताना एका शब्दावर हटकून फसायला होतं. 'फेरिआले' म्हणजे कामाचे दिवस, त्यात शनिवारही आला. 'फेस्तिवो' म्हणजे रविवार आणि सण. इटालियनमध्ये सुट्टीला 'फेरिए' म्हणतात, म्हणून लोक नेमका उलटा अर्थ लावतात आणि रविवारी सकाळी रिकाम्या थांब्यावर उभे राहतात. 'स्कोलास्तिको' अशी खूण असलेली फेरी शाळा चालू असलेल्या दिवशीच सुटते, उन्हाळ्यात नाही. रविवारी मुळात फेऱ्या अगदी तुटपुंज्या असतात.

तिकीट चढण्याआधी घ्या, 'ताबाक्की' म्हणजे पानपट्टीवजा दुकानात किंवा कंपनीच्या ॲपवर. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या थांब्यावर वाचून फोटो काढून ठेवा.

बसने आलात तर वायनरीला जायला गावातली टॅक्सी किंवा चालकासह गाडी लागते. गावात टॅक्सी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आदल्या दिवशी हॉटेलमार्फत ठरवा, आणि जाण्याबरोबर परतीचीही वेळ सांगा. ॲपवर बोलावू असं म्हणाल तर मळ्यातच बसून राहाल.

गाडीने

भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. 'सारथी' पोर्टलवरून आरटीओकडे अर्ज करायचा, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. नुसता आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही, मूळ लायसन्सही जवळ हवं. भाड्याच्या गाडीची अनामत चालकाच्या स्वतःच्या नावाच्या क्रेडिट कार्डवर अडकवतात. डेबिट कार्ड पुष्कळ ठिकाणी नाकारतात. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुक करतानाच सांगा, तिथे साधी गाडी गिअरचीच मिळते, आणि उजव्या बाजूने चालवताना डाव्या हाताऐवजी उजव्या हाताने गिअर टाकायची सवय डोंगराच्या वळणावर लावून घेऊ नये.

सिएनाहून कास्सिया रस्त्याने (एस.आर. २) बुओनकोन्वेन्तो आणि पुढे फाट्यावरून वर. शेवटचा चढ वळणावळणांचा आहे, पण पक्का. वायनऱ्यांकडे जाणारे रस्ते मात्र पुष्कळदा पांढऱ्या मुरमाचे कच्चे असतात. तिथे वेग ३० च्या खाली ठेवा. खडी उडून काच तडकली तर ती साध्या विम्यात बसेलच असं नाही.

सावध: इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. वय २१ च्या आत असेल किंवा लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर मर्यादा शून्य. आता हिशोब करा. पाच वाइन, प्रत्येकी ४० मिली, म्हणजे २०० मिली. वाइन १४.५ टक्क्यांची असेल तर साधारण २३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याचे अंदाजे ०.४७ ग्रॅम होतात, ६० किलोच्या बाईच्या रक्तात ०.६ च्या वर. एकच टेस्टिंग, आणि मर्यादेवर किंवा तिच्या पलीकडे. ०.५ ते ०.८ मध्ये सापडलात तर दंड ५४३ युरोंपासून सुरू होतो, वर लायसन्स निलंबित. ०.८ च्या पुढे प्रकरण फौजदारी. 'फक्त चाखली' हे उत्तर यंत्राला कळत नाही. चालवणाऱ्याने थुंकायचं, किंवा दिवस वाटून घ्यायचे.

टप्पा ५: गाडी एकदाच लावायची

जुन्या गावाच्या आत ठरावीक वाहनांनाच प्रवेश आहे. या भागाला 'झेड.टी.एल.' म्हणतात, पाटीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल गोल असतो. सिएनात तर अख्खं जुनं शहरच या बंदीत येतं. कॅमेऱ्याखाली दिव्यांची पाटी असते, तिच्यावर 'वार्को आत्तीवो' असं उजळलं की कॅमेरा चालू आणि प्रवेश बंद. 'ॲक्टिव्ह' म्हणजे रस्ता खुला, असं समजून पुष्कळ जण बिनधास्त आत शिरतात. 'नॉन आत्तीवो' असेल तेव्हा आत जाता येतं. दंड काही महिन्यांनी पुण्या-ठाण्याच्या पत्त्यावर येतो, आणि गाडी भाड्याने देणारी कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवल्याचे पैसे वेगळे कापते.

मोंताल्चिनोत दक्षिणेकडून, म्हणजे फोर्तेत्सा किल्ल्याच्या बाजूने, आलात तर तटाबाहेरच पार्किंग आहे. निळ्या रेघा म्हणजे पैसे भरायचे. यंत्रातून पावती घेऊन काचेमागे ठेवायची. पांढऱ्या रेघा फुकट, पण पाटी वाचा, काही ठिकाणी तासांची मर्यादा असते आणि पुठ्ठ्याची घड्याळ-चकती पोचल्याची वेळ दाखवून ठेवावी लागते. पिवळ्या रेघांत लावूच नका, त्या राखीव असतात. फुकटच्या जागा उतारावर थोड्या खाली सापडतात. सकाळी अकरानंतर वर जागा शोधत चकरा मारण्यापेक्षा सरळ खाली लावून दहा मिनिटं चढून या.

हॉटेल आत असेल तर गाडीचा नंबर आधी कळवून सामान उतरवण्यापुरती परवानगी मिळते का ते विचारा. नसेल मिळत तर मोठ्या चाकाच्या बॅगा गाडीतच ठेवून एका रात्रीची पिशवी वर न्या. गल्ल्या दगडी आणि तीव्र उताराच्या आहेत. बॅगेची चाकं तिथे फारशी कामाची नाहीत.

टप्पा ६: पहिली संध्याकाळ, पायी

चारच्या सुमारास पोचलात तर सगळं जमतं. दुपारी एक ते साडेतीन-चार दुकानं बंद, खाणावळींचं स्वयंपाकघर अडीचला थंड. दोन वाजता भुकेले पोचलेल्यांना सँडविचवर भागवावं लागतं.

फोर्तेत्सापासून सुरुवात करा. १३६१ मध्ये बांधलेला हा पंचकोनी किल्ला गावाच्या दक्षिण टोकाला आहे. आतलं अंगण फुकट, तटावर चढायला तिकीट. वरून ओर्चा खोरं आणि आमिआता डोंगर (१,७३८ मीटर) समोर येतो. वायनरी निवडताना उत्तर-दक्षिणेचं जे बोलणं झालं, ते इथे उभं राहिल्यावर डोळ्यांनी कळतं: आमिआता दक्षिणेकडून येणारं वादळी हवामान अडवतो.

मग उतरत्या रस्त्याने सांत आगोस्तिनो चर्चच्या परिसरावरून (संग्रहालय इथे, सोमवारी बंद असण्याची शक्यता धरा) पियात्सा देल पोपोलोला. तिथे उंच सडपातळ मनोरा असलेली नगरपालिकेची जुनी इमारत आणि १८८८ पासूनचं कॅफे. तिथून आणखी उतरलं की पियात्सा कावूर, बस इथे थांबते. उजेड शिल्लक असेल तर मादोन्ना देल सोक्कोर्सो चर्चपर्यंत जा. हवा स्वच्छ असेल तर तिथून सिएना दिसतं.

आता ग्लास. किल्ल्यातल्या किंवा चौकाजवळच्या एखाद्या 'एनोतेका'मध्ये, म्हणजे वाइनच्या दुकानवजा बारमध्ये बसा आणि तीन छोटे ग्लास मागा: एक रोस्सो दि मोंताल्चिनो, दोन वेगवेगळ्या उत्पादकांचे ब्रुनेल्लो. हा उद्याचा गृहपाठ आहे. तिन्ही शंभर टक्के सांजोवेझे. फरक मुख्यतः वेळेचा: रोस्सो तोडणीनंतरच्या वर्षी १ सप्टेंबरपासून विकता येतं. ब्रुनेल्लोला किमान दोन वर्षं ओकच्या पिंपात राहावं लागतं आणि ते तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षी १ जानेवारीला बाजारात येतं. रिसेर्वा, म्हणजे ब्रुनेल्लोचाच वरचा प्रकार, आणखी एक वर्ष थांबतं. म्हणजे २०२० चं ब्रुनेल्लो २०२५ मध्ये, २०२० चं रिसेर्वा २०२६ मध्ये.

जेवण साडेसात-आठला. चांगल्या ठिकाणी सकाळीच टेबल सांगून ठेवा. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ती फसवणूक नाही. ब्रेडमध्ये मीठ नसतं, तोस्कानाची रीतच तशी. परत पाठवू नका.

शाकाहारींसाठी: हाताने वळलेल्या जाड शेवयांना इथे 'पिंची' म्हणतात, इतरत्र 'पिची'. 'आल्ल आल्योने' म्हणजे टोमॅटो-लसणाच्या रश्श्यातल्या मागा. 'रिबोल्लिता' हे भाजी-घेवड्याचं दाट सूप बहुधा शाकाहारी असतं, पण कधी त्यात डुकराचं मांस पडतं, विचारा. नुसतं 'वेजेतारियानो' म्हणून भागत नाही. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा ब्रोदो दि कार्ने' असं सांगा, म्हणजे मांस, मासे आणि मांसाचं पाणीही नको. पेकोरिनो चीजमध्ये बहुधा जनावराचं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं जठरातलं द्रव्य, असतं. कडक पाळणाऱ्यांनी ते टाळावं.

टप्पा ७: वायनरीत

सकाळी पोटभर नाश्ता करा, पण अत्तर नको, पेपरमिंट नको, आणि आदल्या तासात कॉफीही नको. दहा मिनिटं आधी पोचा. उशीर होत असेल तर फोन करा. पुढच्या गटाची वेळ मागे लागलेली असते.

ग्लास दांड्याने धरा. पहिली चूक रंग पाहताना होते. ब्रुनेल्लो काळंकुट्ट नसतं. ग्लास तिरका करून मागे पांढरा कागद धरला तर डाळिंबी रंग दिसतो, कडेला विटकरी झाक, आणि कागदावरची अक्षरं वाचता येतात. हे पाहून 'पातळ आहे' असा शेरा मारणारे पुष्कळ. सांजोवेझेचा रंग असाच. उलट फार गडद दिसलं तर भुवया उंचावतात.

वास आधी ग्लास न हलवता, मग हलवून. नंतर चमचाभर घोट, सगळ्या तोंडात फिरवून पाच-सहा सेकंद. हिरड्यांवर जी कोरड चढते ती टॅनिनची. कच्चं चिकू किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते, तसंच. तरुण ब्रुनेल्लोत ती चांगलीच जाणवते. ती कोरड किती खरखरीत आणि तिच्यामागून तोंडाला पाणी सुटतं का, हे पाहा. पाणी सुटलं तर आंबटपणा जागेवर आहे, बाटली ठेवण्यासारखी आहे.

क्रम रोस्सो, ब्रुनेल्लो, रिसेर्वा असाच. गोड मोस्कादेल्लो असेल तर शेवटी. समोर ठेवलेलं भांडं थुंकण्यासाठी आणि उरलेली ओतण्यासाठी असतं. आपल्याकडच्या संकोचाने बरेच जण सगळं पितात, पण तिथला वाइनवाला स्वतः दिवसभर थुंकतच असतो. दोन वाइनच्या मध्ये पाणी आणि कोरड्या ब्रेडचा तुकडा. चीज जपून खा. त्याची चरबी टॅनिन झाकते आणि वाइन आहे त्यापेक्षा मऊ वाटते. घासाघीस करू नका, टीप द्यावी लागत नाही.

तपासा: आवडलेल्या वाइनचं वर्ष आणि प्रकार लेबलच्या फोटोसह टिपून ठेवा. खरेदी मात्र अजून नको.

टप्पा ८: सांतान्तिमोचा मठ

गावापासून दक्षिणेला नऊ-दहा किलोमीटरवर, कास्तेलनुओवो देल्लाबातेच्या खाली, ऑलिव्हच्या बागांत फिकट दगडाचं, रोमानेस्क म्हणजे अर्धगोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतलं मठ-चर्च आहे. दक्षिणेकडची वायनरी घेतली असेल तर ते वाटेवरच पडतं, म्हणूनच हा क्रम. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. जुलैमध्येही एक ओढणी पिशवीत ठेवा. प्रार्थना चालू असेल तर हिंडू नका, मागे बसा. मठात पायी येण्याची हौस असेल तर मोंताल्चिनोहून व्हिल्ला आ तोल्लीमार्गे पायवाट आहे, अडीच-तीन तासांची. जाताना एकंदर उतार. परतीची टॅक्सी आधी ठरवली नसेल तर तोच उतार चढ होऊन समोर येतो.

टप्पा ९: खरेदी आणि बांधाबांध

खरेदी शेवटी, आणि मोजून. भारतात येताना प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू-वाइन करमुक्त आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की सव्वादोन लिटर, मर्यादा ओलांडली. दोन मोठ्या आणि एक ३७५ मिलीची अर्धी बाटली बरोबर बसते. विमानतळावर ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटलीही याच दोन लिटरांत मोजली जाते, हे बहुतेकांना मुंबईत उतरल्यावर कळतं. भारतात घरी कुरिअरने पाठवून देऊ, असं कोणी म्हटलं तरी त्या भानगडीत पडू नका.

किमतीचा अंदाज: रोस्सो १५ ते २५ युरो, ब्रुनेल्लो ३५ ते ७०, रिसेर्वा त्याच्या वर. दोनच बाटल्या न्यायच्या असतील तर एक वायनरीतून, जी तुम्ही चाखली तीच, आणि दुसरी गावातल्या दुकानातून थोडं जुनं वर्ष. वायनरीकडे जुनी वर्षं बहुधा संपलेली असतात.

बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्येच. ब्रुनेल्लोची जाड काचेची भरलेली बाटली सव्वा ते दीड किलो भरते, तेव्हा बॅगेत तीन किलो मोकळे ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी गाठ मारून, तिच्यावर पायमोजा, मग जीन्स; बाटली बॅगेच्या मधोमध, कडांपासून चार बोटं आत, आणि दोन बाटल्या एकमेकींना लागणार नाहीत अशा.

सावध: उन्हाळ्यात बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून मठ पाहायला जाऊ नका. तासाभरात डिकी तापते, बूच वर सरकतं आणि वाइन शिजल्यासारखी लागते. म्हणूनही खरेदी शेवटी.

घरी आल्यावर बाटली लगेच उघडू नका. प्रवासाने ढवळलेला गाळ बसायला दोन आठवडे थंड, अंधाऱ्या कपाटात उभी ठेवा. जास्त दिवस ठेवायची असेल तर नंतर आडवी. ग्लासात वाढताना तापमान १८ अंश हवं. पुण्याच्या मे महिन्यात खोलीचं तापमान म्हणजे ३४, तेव्हा आधी तासभर मोठ्या भांड्यात ओतून ठेवा, मग तेवढी थंड होईपर्यंत ते भांडं फ्रीजमध्ये ठेवा. आणि झणझणीत तांबड्या रश्श्याबरोबर ती काढू नका. तिखटाने टॅनिन आणखी बोचतं, अल्कोहोल घशाला लागतं, आणि पन्नास युरोंची बाटली कडू ठरते. कमी तिखटाचं भाजलेलं मटण, मशरूम, नाहीतर नुसतं जुनं चीज पुरे.